परवा आलेला भाचा

पुण्याच्या माझ्या नणंदेला माझ्या मराठीची फार मजा वाटते. "वहिनी, तुम्ही बोलायला लागलात की बिर्याणीचा वास येतो," असं ती चारचौघांत म्हणते आणि सगळे हसतात. मीही हसते. बिर्याणी मी जन्मात खाल्लेली नाही, पण ते सांगायच्या फंदात पडत नाही. एकदा मात्र तिनं विचारलं, "वहिनी, तुम्ही 'परवा' कधीच कशा म्हणत नाही हो? सारखं आपलं दोन दिवसांपूर्वी, दोन दिवसांपूर्वी." तेव्हा मी हसले नाही, उठून आत गेले. तिला वाटलं, मला राग आला. राग आला होताच, पण तो तिचा नव्हता.

आमच्या हैदराबादेत काल म्हणजे काल, आणि त्याच्या मागचं सगळं परसों. दोन दिवसांपूर्वीचं परसों, गेल्या महिन्यातलं लग्न परसों. मूसीला मोठा पूर येऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं "अरे परसों पानी आया था ना" म्हणूनच सुरुवात करायची. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण पाणी त्याच शहराचं प्यायचो. आमच्या तोंडात परसोंचं परवा झालं, आणि अर्थ मात्र इकडचाच राहिला. गल्लीत कुणाला त्याची अडचण नव्हती. दूध घालणारी तेलुगू बाई, कोपऱ्यावरचा मारवाडी, आम्ही, सगळ्यांचंच कालच्या मागे काही मोजमाप नव्हतं.

आमचं घर काचीगुड्याला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते सरकारी दफ्तरात कारकून होते. दफ्तराचा सगळा कारभार उर्दूत, आणि नानांचं उर्दू अक्षर असं की इतर खात्यांतले लोक कागद लिहून घ्यायला घरी यायचे. मराठी ते पंचांग बघण्यापुरतं वाचायचे. भिंतीपलीकडच्या घरात चच्चा राहायचे. ते त्याच दफ्तरात पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे आणि नानांचे वरिष्ठ. चच्चांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ते मला समोर बसवून लाकडी पाटीवर बोरूनं अक्षरं गिरवून घ्यायचे. पाटी मुलतानी मातीनं सारवायची, वाळवायची, मग लिहायचं. शाळेत माझं उर्दू सगळ्यांत चांगलं होतं ते त्यांच्यामुळे, आणि ते मी तेव्हा फार मिरवायची.

दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक लहानसं दार होतं. त्या दारातून ईदेला चच्चांच्या बायकोकडून, खालांकडून, परात यायची: कोरड्या शेवया, साखर, खारीक, बदाम. शिजवलेलं काही नाही. आम्ही त्यांच्या हातचं शिजलेलं खात नाही हे त्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत असेल असं आमच्या कुणाच्या मनात येत नव्हतं. आई मात्र पुरणपोळ्या, अनारसे, सगळं शिजलेलंच त्यांच्याकडे पाठवायची आणि ते लोक खायचे. हे असं एकाच बाजूनं चालतं हे मला फार पुढे लक्षात आलं.

मग ते वाईट वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान झालं नव्हतं. संस्थान वेगळंच राहावं म्हणणारे खाकी वर्दीतले स्वयंसेवक रस्त्यानं बंदुका घेऊन फिरायला लागले. आम्ही मुलं त्यांना वर्दीवाले म्हणायचो. परभणीकडे माझ्या मामाचं घर वर्दीवाल्यांनी जाळलं, मामा मामी अंगावरच्या कपड्यांनिशी सोलापूरला गेले. आईनं आठ दिवस अन्न सोडलं. एका दुपारी वर्दीवाल्यांची मिरवणूक आमच्या गल्लीतून निघाली, तेव्हा चच्चांनी आपली खुर्ची उचलली आणि आमच्या ओट्यावर आणून मांडली. पान चघळत ते तिथं बसून राहिले. मिरवणूक गेली, मग खुर्ची उचलून घरी गेले. आई दाराआड उभी होती. तिनं ते बघितलं होतं.

त्याच वर्षी, आंब्याच्या दिवसांत, खालांचा भाचा आला. मी लहानपणापासून त्याला बघत होते; मला खांद्यावर बसवून त्यानं स्टेशनावर गाड्या दाखवलेल्या. त्या दिवशी तो वर्दीत होता, खांद्याला बंदूक. मी आणि नाना भिंतीतल्या दारापाशी होतो. चच्चांनी त्याला अंगणातच थांबवलं. "ये कपड़े उतार के आता तो आव, नै तो मेरे घर कू नक्को आव," ते म्हणाले. खालांनी त्याला अंगणात उभ्याउभ्याच पाणी दिलं. तो प्याला आणि गेला, आणि पुन्हा कधी आला नाही. नाना चच्चांकडे बघत मला म्हणाले, "मोठा माणूस आहे." त्यांनी हे शब्द काढले होते, ते मी विसरलेली नाही.

सप्टेंबरात फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आईनं भरदुपारी तुपाची निरांजनं लावली आणि ढसाढसा रडली. आम्ही मुलं रस्त्यावर नाचलो. चच्चांच्या घराची पुढची खिडकी तेवढी बंद होती. मग खेड्यांकडून दुसऱ्या बाजूच्या बातम्या येऊ लागल्या, आता कुणाची घरं जळत होती त्याच्या. आमच्या घरी त्या मोठ्यानं कुणी वाचल्या नाहीत.

दफ्तरात नवा साहेब आला. पुण्याकडचा, मराठी! नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यभर "जनाब", "हुजूर" केलेला माणूस, आता साहेबाशी आपल्या भाषेत बोलणार होता. अडचण एवढीच, की त्यांची मराठी साहेबाला कळायला वेळ लागायचा. "तुम्ही मराठी बोलता की काय बोलता?" साहेब हसून विचारायचा. नाना घरी येऊन आम्हाला बजावायचे, नीट बोला, शुद्ध बोला. आई "काय करूलालीस" म्हणाली की ते दचकून बघायचे. माझ्या बोलण्यातले "हौ" आणि "नक्को" आईनं चिमटे काढून काढून बंद केले.

साहेबापुढे त्या वेळी एक मोठं काम होतं: दफ्तरातला कोण वर्दीवाल्यांना मिळालेला होता ते शोधायचं. नानांचीही चौकशी झाली. उर्दूत एवढं सुंदर लिहिणारा हिंदू माणूस कुणाचा, असा प्रश्न कुणीतरी उघड विचारला होता म्हणे. नाना रात्रभर येरझाऱ्या घालायचे. चच्चांवर काही निघालं नव्हतं. भाचा मात्र फरारी होता. एका गावच्या जाळपोळीत त्याचं नाव होतं.

दिवाळी आली. साहेबाचं कुटुंब पुण्याला, म्हणून नानांनी त्याला फराळाला बोलावलं. घर धुऊन काढलं, मला परकर-पोलकं घातलं. साहेब आला, पाटावर बसला, मला जवळ बोलावलं. मला तो आवडला. गोरा, हसरा, आणि मुलांशी मोठ्यांसारखं बोलणारा. त्यानं विचारलं, शाळा कुठली, आवडतं काय, हे भिंतीतलं दार कुठं जातं. मी सांगितलं, चच्चांच्या घरी. "त्यांच्याकडे कोण कोण येतं गं?"

मला बोलायचं होतं. शुद्ध बोलायचं होतं. भाच्याची गोष्ट माझ्याकडची सगळ्यांत मोठी गोष्ट होती. तोंडात "परसों" आलं होतं, ते मी गिळलं, आईकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "परवा त्यांचा भाचा आला होता. बंदूक घेऊन."

साहेबानं हातातली चकली खाली ठेवली. "परवा?"

"हो. परवा."

पुढचं मला सांगायचं होतं: चच्चा त्याला काय बोलले, तो कसा गेला. पण साहेबानं एकदम विषय बदलला, घाईनं चहा घेतला आणि उठला. नाना अनारशांची ताटली घेऊन तिथंच उभे होते. त्यांना कळलं होतं. परवा म्हणजे कुठला परवा हे त्या घरात साहेब सोडून प्रत्येकाला ठाऊक होतं. नाना दारापर्यंत साहेबाला पोचवायला गेले. गल्लीच्या तोंडाशी त्याची जीप उभी होती, तिथपर्यंत पन्नास पावलं होती. मी ओट्यावरून बघत होते. नाना पूर्ण वेळ मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. चच्चांच्या घरातल्या गाद्या उसवल्या, धान्याची पोती ओतली, पुस्तकं अंगणात फेकली. भाचा सापडला नाही, कारण तो तिथं नव्हताच. चच्चांना घेऊन गेले. चच्चा टोपी घालायला तेवढे थांबले, मग चालत गेले. खालांचा आवाज भिंतीतून येत होता. मी आईच्या पदराला धरून ओरडले, "आई, साहेबाला चुकीचं कळालं. परवा म्हणजे आंब्याच्या वेळेला. सांग ना त्यांना!"

"गप ऱ्हा," आई म्हणाली. "तुझ्या मामाचं घर जाळलं तेव्हा कोण बोललं होतं?" मग ती चुलीपुढे बसली आणि तिनं माझ्याकडे पाठ केली. ती खुर्ची तिला आठवत असणार. म्हणूनच पाठ केली असणार.

संध्याकाळी नानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेबांनी विचारलं तर सांगेन," म्हणाले. मी रोज दारात उभी राहून विचारायची, साहेबानं विचारलं का. साहेब कशाला विचारील? त्याला शंकाच नव्हती. त्याच्या मराठीत परवा म्हणजे परवा.

चच्चा तीन महिन्यांनी सुटले. कोठडीत ठेवण्यासारखं काही मिळालं नाही, पण फरारी माणसाला घरात आसरा दिल्याचा शेरा कागदावर बसला आणि नोकरी गेली. सुटल्यावर ते पहिल्यांदा आले ते पुढच्या दारानं. दाढी सगळी पांढरी झाली होती. नाना उठून उभे राहिले, खुर्ची दिली. चच्चा माझ्याकडे बघून म्हणाले, "बच्ची परसों बोली होगी. मैं वहींच समझ गया. साब पूने के हैं, उनकू क्या मालूम." मग नानांकडे वळले. "पंडत, बस इत्ता लिख देव, गर्मियों में आया था बोल के. और मैं घर में नै लिया बोल के. आप तो वहींच खड़े थे."

एक ओळ. नाना दिवसाला अशा दोनशे ओळी लिहायचे.

"हौ, हौ, कल लिख देतौं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चच्चा आले तेव्हा नाना मागच्या खोलीत होते आणि आईनं ते बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी मी स्वतः कागद घेतला. बोरू घेतला, चच्चांनी शिकवलेल्या अक्षरात अर्ज लिहिला: भाचा उन्हाळ्यात आला होता, मी डोळ्यांनी पाहिलं, नानांनीही पाहिलं. खाली सहीला जागा सोडली आणि नानांपुढे नेऊन ठेवला. नानांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. उर्दूत ज़ साठी चार अक्षरं आहेत. "अर्ज़" लिहिताना मी ज़्वादच्या जागी ज़े लिहिलं होतं. नानांनी कानावरची पेन्सिल काढली, ती चूक दुरुस्त केली, कागदाची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मला वाटलं, उद्या सही होणार. आठ दिवसांनी आईनं कोट धुवायला काढला तेव्हा खिशात काही नव्हतं.

चच्चा पुन्हा मागायला आले नाहीत. भिंतीतलं दार त्यांनी त्यांच्या बाजूनं विटा लावून बंद केलं. पुस्तकं हातगाडीवर घालून अफझलगंजला विकायला नेली, रिकामी गाडी परत आणली. एक दिवस कळलं की ते मुंबईला निघालेत आणि तिथून जहाजानं कराचीला, खालांच्या भावाकडे. हे शहर सोडून ते कधी वरंगलच्या पुढे गेले नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी आईला काय झालं कोण जाणे. पहाटे उठून तिनं दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या, प्रवासाला चार दिवस टिकतील अशा. वर लसणाची चटणी. फडक्यात बांधून ती खालांच्या दारात गेली. मी मागे होते. खाला बुरखा घालून उंबऱ्यात बसल्या होत्या, टांगा यायचा होता. त्यांनी गाठोड्याला हात लावला. अजून गरम होतं. त्यांनी हात मागे घेतला.

"पका हुआ नक्को, बहन," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. वीस वर्षं आईच्या हातचं जेवलेली बाई. मग आईनं घरी येऊन मुरमुरे आणि गूळ बांधला आणि पुन्हा गेली, तेवढ्यात टांगा गल्लीबाहेर पडला होता. मी स्टेशनावर पळत गेले नाही. आईनं सांगितलं म्हणून नाही, मलाच चच्चांना तोंड दाखवायचं नव्हतं. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची शिटी घरात ऐकू यायची. ती वाजली तेव्हा नाना दफ्तरात जायला कोट चढवत होते.

त्या उन्हाळ्यात नाना पेशकार झाले. चच्चांच्याच खुर्चीवर. खुर्चीचं सुख मात्र त्यांना फार लाभलं नाही. आधी उर्दू गेली आणि इंग्रजी आली. नानांचं ते नावाजलेलं अक्षर दफ्तराला नकोसं झालं. मग भाषेप्रमाणे राज्यं पाडली, मराठवाडा तिकडे गेला, मराठी साहेब बदली घेऊन निघून गेला आणि आम्ही इथं राहिलो. आता दफ्तरात तेलुगू. जी मराठी शुद्ध करताना आमच्या दंडांवर वळ उठले होते, तिला घराबाहेर कुणी विचारेना. नानांना नव्या लोकांनी जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथं ते निवृत्त होईपर्यंत उर्दू मिसलींना, म्हणजे जुन्या फायलींना, अनुक्रम घालत बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

शेवटची नऊ वर्षं ते माझ्याकडे विद्यानगरला होते. मी त्यांचं सगळं केलं, कुणी नावं ठेवणार नाही असं केलं. त्यांच्याशी मी या विषयावर कधी बोलले नव्हते. आई गेल्यानंतर एका दुपारी ते आरामखुर्चीत उर्दू वर्तमानपत्र वाचत होते आणि मी शेंगा सोलत होते. मी विचारलं, "नाना, चच्चांना एक ओळ का नाही लिहून दिली?"

ते दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही," ते म्हणाले. "साहेबानं दोनदा कागद पाठवला होता. मी सही केली नाही."

"आणि बाजूनं?"

"बाजूनं लिहिलं असतं तर साहेब म्हणाला असता, मग तुमची मुलगी खोटं बोलली. तुला बोलावलं असतं. दहा वर्षांची पोर पोलिसांपुढे उभी करायची?" मग अगदी मायेनं, मी लहान असताना हाक मारायचे तसल्या आवाजात म्हणाले, "तुझ्या तोंडून गेलं ते गेलं. एवढं सगळं झालं, पण मी तुला आयुष्यात कधी एका शब्दानं बोललो का? लेकरू होतीस. मी कधीच माफ केलं तुला."

आणि त्यांनी पुन्हा चष्मा लावून पेपर उघडला.

चाळीस वर्षं हा माणूस मला माफ करून बसला होता. त्याच्या हिशेबी घरात गुन्हेगार एकच होती, आणि तिला त्यानं मोठ्या मनानं पोटाशी धरलं होतं. चच्चांनी मला माफ केलं असतं तर मी मान खाली घालून ती माफी घेतली असती. नानांची मला नको होती. ते गेले, त्यांचे दिवस केले, तरी अजून नको आहे.